खिशातली खोती

जुने व्हिडिओ गेम मोबाइलवर खेळता यावेत की नाहीत, हा प्रश्न समाजवादी साप्ताहिकाच्या पानावर कशाला, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. कंत्राटी कामगारांची पिळवणूक, लोकलमधील गर्दीचे बळी, पालिका शाळांची दैना हे प्रश्न दारात उभे असताना पोरखेळाची चर्चा करणे ही चैन आहे, असे कोणी म्हणाले तर त्याचा राग मानण्याचे कारण नाही. परंतु मालकीचे मोठे प्रश्न बहुधा किरकोळ वस्तूंच्या रूपानेच समोर येतात. १९३० साली मीठ ही काही मौल्यवान वस्तू नव्हती. ते उचलण्यास परवानगी कोणाची लागावी, हा प्रश्न मौल्यवान होता. आजचा प्रश्न असा आहे : हप्त्यांनी घेतलेल्या आणि सर्व हप्ते फेडून झालेल्या फोनमध्ये कोणती आज्ञावली ठेवावी, हे ठरविण्याचा अधिकार विकत घेणाऱ्याचा, की विकून पैसे वसूल केलेल्याचा?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९८० आणि १९९० च्या दशकांत निन्टेन्डो, सेगा, सोनी या जपानी कंपन्यांनी घरोघरी खेळावयाची यंत्रे बाजारात आणली. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत आणि ठाण्याच्या वसाहतींत ती मूळ रूपात क्वचितच पोहोचली. पोहोचल्या त्या त्यांच्या स्वस्त नकला. 'टीव्ही गेम' हे त्यांचे नाव, कॅसेटी भाड्याने मिळत, आणि मारिओ व काँट्रा हे खेळ इंग्रजी न येणाऱ्या मुलांनाही पाठ असत. ती यंत्रे आज भंगारात गेली आहेत. अशा मृत यंत्राचे वागणे हुबेहूब वठविणारी आज्ञावली म्हणजे इम्युलेटर. यंत्राचे सोंग ती घेते. खेळ तिच्यात नसतो, तो वेगळा मिळवावा लागतो. तबकडी वाजविणारे यंत्र स्वतः गाणे चोरीत नाही, तसेच हे आहे.

हा केवळ जपानी मालाचा प्रश्न आहे, असेही नव्हे. १९९९ साली मुंबईत इंडियागेम्स ही कंपनी निघाली आणि साध्या, बटणांच्या फोनांसाठी तिने खेळ तयार केले. २०११-१२ मध्ये ती डिस्नेच्या ताब्यात गेली. त्या पिढीचे फोन गेले, ते खेळ विकणारी व्यवस्था गेली. आपल्याकडच्या तरुणांच्या बुद्धीने आणि श्रमाने घडलेले त्या काळचे जे खेळ कोठे उरले असतील, ते आज चालवावयाचे तर इम्युलेटरवाचून मार्ग नाही. कोणाच्या तरी श्रमाचे फळ अस्तित्वात राहावे की नष्ट व्हावे, हे दुसऱ्याच्या परवानगीवर अवलंबून असणे याला आपण पूर्वीपासून एक नाव देत आलो आहोत.

ते नाव खोती. ठाणे-डोंबिवलीत आज स्थिरावलेली किती तरी कुटुंबे रत्नागिरी-रायगडच्या खोती गावांतून आलेली आहेत. त्यांना हे अधिक समजावून सांगावयास नको. खोत हा मुळात सरकारसाठी सारा गोळा करणारा. पुढे मधला हा माणूसच गावाचा धनी होऊन बसला. कुळाने जमीन कसावी, कलमे लावावीत, आणि पिकाचा निम्मा वाटा खोताच्या खळ्यात घालून वर वेठही करावी. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला, आणि अखेर १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला.

ॲप स्टोअरची रचना तपासून पाहा. खेळ करणारा कोणी वेगळा, फोन विकत घेणारा वेगळा, फोनची जुळणी करणारे तमिळनाडू-कर्नाटकातले कामगार आणखी वेगळे. मध्ये ॲपल व गूगल हे दोन खोत बसले आहेत. त्यांच्या दुकानातून झालेल्या डिजिटल विक्रीवर सर्वसाधारण दर ३० टक्के. छोट्या उत्पादकांना २०२१ पासून १५ टक्के आकारले जातात, म्हणजे अर्धेलीचा पावली झाली, खोत कायम राहिला. दुकान चालविण्यास खर्च येतो हे मान्य. परंतु खर्चाची भरपाई आणि एकमेव वाट अडवून घेतलेला खंड यांतला फरक रिकार्डोच्या काळापासून अर्थशास्त्राला ठाऊक आहे. आणि पैशापेक्षाही वेठ अधिक अपमानकारक असते. येथे वेठीचे रूप आहे परवानगी.

ती परवानगी कशी दिली जाते ते पाहण्याजोगे आहे. वर्षानुवर्षे ॲपलने आयफोनवर इम्युलेटर येऊ दिले नाहीत. २०१४ च्या सुमारास हौशी लोक फोनची तारीख मागे सारून असा कार्यक्रम बसवीत. ॲपलने ती फटही बुजविली. मग ५ एप्रिल २०२४ रोजी नियम बदलला आणि जुन्या खेळयंत्रांच्या इम्युलेटरना परवानगी मिळाली. १७ एप्रिलला 'डेल्टा' हा इम्युलेटर अधिकृतपणे दुकानात आला. एवढे हृदयपरिवर्तन कशामुळे झाले? त्याआधी महिनाभर, मार्च २०२४ मध्ये, युरोपीय संघाचा डिजिटल बाजारपेठांचा कायदा ॲपलवर बंधनकारक झाला होता आणि तेथे दुसऱ्यांची दुकाने आयफोनवर येऊ देणे भाग पडले होते. कायद्याने कान धरला तेव्हा खोताला उदारता सुचली, असेच यावरून मानावे लागते. भारतातील ग्राहकाला त्या उदारतेचे उष्टे मिळाले. दुसऱ्या दुकानाचा हक्क मात्र मिळाला नाही.

उदारतेची मर्यादाही लगेच दिसली. जुने संगणक वठविणारा 'यूटीएम' हा कार्यक्रम जून २०२४ मध्ये नाकारण्यात आला. कारण काय, तर संगणक म्हणजे खेळयंत्र नव्हे! महिन्याभराने, जुलैत, त्याचीच वेग उतरविलेली आवृत्ती मान्य झाली. हा विनोद आपल्या जवळचा आहे. १९९० च्या दशकातील मराठी पत्रके, स्मरणिका, छोट्या नियतकालिकांचे अंक आपल्या छापखान्यांतून आणि डीटीपीच्या दुकानांतून जुन्या संगणकांवर, आज न वाचता येणाऱ्या फॉन्टांत जुळविले गेले. त्या फाइली ज्या आज्ञावल्यांत बनल्या, त्या चालविण्यास जुना संगणक वठविणारा इम्युलेटरच अनेकदा उपयोगी पडतो. चळवळीचा इतिहास उघडण्याची किल्ली खेळण्याच्या सदरात मोडते की नाही, हे कॅलिफोर्नियातील एक समिती ठरविणार!

"परंतु आपल्याकडे बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड आहे आणि तेथे दार मोकळे आहे," असे समाधान काही मित्र करून घेतात. ते दार किती काळ मोकळे राहील? भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि दुकानाबाहेरून ॲप बसविण्यात अडथळे आणू नयेत, दुसऱ्यांची दुकाने आपल्या दुकानात येऊ द्यावीत, असे आदेशही दिले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. परंतु नेमके हे दोन आदेश रद्द केले. म्हणजे पैसे भरले की पुरे, वाट अडविली तरी चालेल. वृत्तपत्रांनी दंडाच्या आकड्याचे मथळे दिले. जे गेले त्याची किंमत कोणी मोजली नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की, २०२६ पासून काही देशांत व पुढे जगभर, दुकानाबाहेरून येणाऱ्या ॲपच्या निर्मात्यालाही आपल्याकडे ओळख नोंदवावी लागेल. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असे नोव्हेंबरमध्ये सांगितले. पुन्हा तेच : वाट ठेवणारे ते, बुजविणारेही तेच.

१ मार्च २०२४ रोजी विवाह जुळविणाऱ्या आणि नोकऱ्या शोधून देणाऱ्या बड्या भारतीय कंपन्यांची ॲप गूगलने शुल्काच्या वादावरून दुकानातून काढून टाकली. केंद्रीय मंत्र्यांनी हस्तक्षेप केला आणि काही दिवसांत ती परत आली. भांडवलदारांसाठी मंत्री धावले. कल्याण स्टेशनबाहेर टपरीवर बसून मोबाइल उघडणाऱ्या, सॉफ्टवेअर मारून देणाऱ्या पोराचा व्यवसाय उद्या एका नियमाने बंद पडला, तर त्याच्यासाठी कोण फोन करील?

आता चोरीचा आरोप. तो गंभीर आहे आणि टाळता येणार नाही. दुसऱ्याचा खेळ फुकट उतरवून घेणे आणि इम्युलेटर वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे समर्थन मी करीत नाही. दुसरीला मात्र आपल्या कायद्यातच आधार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर रीतीने मिळविलेल्या आज्ञावलीची राखीव प्रत करू देते, स्वतःच्या प्रतीवरून व्यापाराखेरीज वैयक्तिक वापरासाठी प्रत करू देते, आणि स्वतंत्रपणे रचलेला कार्यक्रम दुसऱ्याशी जुळावा म्हणून लागणारी, अन्यथा सहज न मिळणारी माहिती काढूनही घेऊ देते. अमेरिकेतील अपील न्यायालयानेही २००० साली सोनीविरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात, इम्युलेटर बनविण्यासाठी मूळ यंत्राची आज्ञावली अभ्यासणे वाजवी ठरविले. जो हक्क संसदेने दिला तो दुकानाच्या नियमाने काढून घेता येतो काय, हा खरा घटनात्मक प्रश्न आहे.

आणि मालक स्वतः काय करतात? निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ रोजी आपल्या दोन जुन्या यंत्रांचे ऑनलाइन दुकान बंद केले. त्यानंतर तेथे विकत घ्यावयास पैसे असूनही उपयोग नाही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळले. स्वतः विकावयाचे नाही आणि दुसऱ्याला जपू द्यावयाचे नाही. पडीक ठेवलेल्या जमिनीवर कुंपण घालणाऱ्या जमीनदाराची ही नीती आहे.

सुरक्षिततेचा युक्तिवाद राहिला. फसवी ॲप असतात, वृद्धांची खाती रिकामी होतात, हे खोटे नाही. परंतु चोराच्या भीतीने घराची किल्ली बिल्डरकडे ठेवावी, असे कोणी म्हणत नाही. इशारा द्या, धोका समजावून सांगा. निर्णय मालकाचा राहू द्या.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. फोनच्या मालकाला कोणत्याही स्रोतातून आज्ञावली बसविण्याचा हक्क कायद्याने मिळाला पाहिजे, आणि रद्द झालेले ते दोन आदेश कायद्याच्या रूपाने परत आले पाहिजेत. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा कायदा करण्याची घाई सरकारने दाखविलेली नाही. दुसरी मागणी ग्रंथालयांची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली. अट अशी की, त्या कृतीची अ-डिजिटल प्रत ग्रंथालयापाशी आधीच असावी. जी कृती जन्मतःच डिजिटल आहे तिची अ-डिजिटल प्रत आणावयाची कोठून? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पुस्तके जपून ज्यांनी समाज घडविला, अशा संस्थांना या पिढीच्या कृती जपण्यास कायद्यानेच मज्जाव करावा, यापरते दुर्दैव नाही. ती अट गेली पाहिजे, आणि मालकाने बाजारातून काढलेली कृती चालविण्याचा, म्हणजेच इम्युलेटर ठेवण्याचा, हक्क त्यांना मिळाला पाहिजे.

हे काम दिल्लीतील वकिलांवर सोपवून भागणार नाही. स्टेशन परिसरातील मोबाइल दुरुस्ती करणाऱ्यांची संघटना बांधता येईल. महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींशी बोलता येईल. वाचनालयांच्या कार्यकारिणींत ठराव मांडता येतील. खेळाच्या निमित्ताने तरुण आपल्याकडे आले, तर त्यात कमीपणा मानू नये. खोतीविरुद्ध उभा राहिलेला शेतकरीही प्रथम सिद्धान्त वाचून आला नव्हता. आपण लावलेल्या झाडाचा आंबा आपल्याला विचारून तोडावा लागतो, एवढेच त्याला खटकले होते.