दोन जुगारी शहरं

मकाऊला 'आशियाचं लास व्हेगास' म्हणायची पद्धत आहे. दोन्हीकडे रात्री मनसोक्त हिंडून आल्यावर माझं मत असं की ही उपमा साफ चुकीची आहे.

वरवर बघितलं तर कुणीही फसेल म्हणा. व्हेगासच्या 'व्हेनेशियन'मध्ये छतावर रंगवलेलं आकाश आणि खाली कालव्यात होड्या. मकाऊच्या 'व्हेनेशियन'मध्येही २००७ पासून तेच आकाश आणि त्याच होड्या. चक्क कॉपी-पेस्ट! पण आतली माणसं बघा.

व्हेगासमध्ये जुगार हे नुसतं निमित्त आहे. स्ट्रिपवर उंच प्लॅस्टिकच्या ग्लासातून काहीतरी पीत चाललेली टोळकी, फोटोचे पैसे मागणारा एल्विस, बेलाजिओच्या कारंज्यासमोर आईबाबांना घेऊन उभी असलेली आपली देशी मंडळी (ही हमखास भेटतात). आत क्रॅप्सच्या टेबलाभोवती अनोळखी लोक एकमेकांना टाळ्या देत ओरडत असतात, कारण बहुतेकांनी एकाच बाजूने पैसे लावलेले असतात. जिंकले तर सगळे, बुडले तर सगळे. एक डॉलर न लावता तिथे रात्र मजेत जाते. स्ट्रिपवरच्या कॅसिनोंची निम्म्याहून जास्त कमाई खोल्या, खाणंपिणं आणि शोमधूनच येते.

मकाऊत मात्र बारावीच्या परीक्षेचा हॉल! सगळीकडे बॅकराची टेबलं, भोवती तोबा गर्दी, पण आवाज नाही. एखादे काका पत्त्याची कड इतकी हळूहळू वाकवतात की आपलाच जीव टांगणीला लागतो. शेजारी दारू नाही, चहा. चीनच्या मुख्य भूमीवर कॅसिनोला बंदी, त्यामुळे लोक इथे येतात ते खेळायलाच. जुगाराच्या कमाईत मकाऊने २००६ साली स्ट्रिपला मागे टाकलं ते या अशा शांततेत.

म्हणजे व्हेगास जिंकलं? थांबा, कॅसिनोच्या बाहेर पडा. सेनाडो चौकातली काळ्यापांढऱ्या लाटांची फरसबंदी, सेंट पॉल चर्चची आगीतून उरलेली दर्शनी भिंत, पोर्तुगीज पाट्या, एग टार्टचा वास. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये फिरलेल्याला इथे घरी आल्यासारखं वाटेल. वाटणारच, १८४४ पर्यंत मकाऊचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. इथे संध्याकाळी आजीआजोबा नातवंडांना घेऊन निवांत बसलेले दिसतात.

आणि मला खरा फरक इथे दिसतो. हे शहर आपल्या माणसांना जुगारापासून लांब ठेवतं. मकाऊतल्या सरकारी नोकरांना चिनी नववर्षाचे पहिले तीन दिवस सोडले तर कॅसिनोत प्रवेश नाही. २०१९ च्या अखेरीपासून कॅसिनोतल्या कर्मचाऱ्यांनाही ड्यूटी संपल्यावर तोच नियम. पत्ते वाटायची नोकरी फक्त स्थानिकांना. शिवाय २००८ पासून सरकार रहिवाशांना दरवर्षी रोख रक्कम वाटतं, अलीकडे कायम रहिवाशांना १०,००० पटाका.

व्हेगासमध्ये? विमानातून उतरलात की एअरपोर्टवरच स्लॉट मशीन. सुपरमार्केटमध्ये दूध आणायला गेलात तरी दाराशी स्लॉट मशीन. आपण चार दिवसांनी परत येतो हो, पण जो तिथेच राहतो आणि रोज दूध आणतो त्याचं काय? माझा एक मित्र म्हणतो, सज्ञान माणसाला असं अडवणं म्हणजे दादागिरी. असेल. पण दिवसाचे आठ तास टेबलाशी उभं राहून दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्याला मोह किती होत असेल, हे आपल्याला एसीत बसून कळायचं नाही. गोव्यानेही २०२० मध्ये स्थानिकांना कॅसिनोची दारं बंद केली.

मकाऊचं सगळं गोड आहे असं नाही. एकाच धंद्यावर उभं शहर. २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या आणि जुगाराचं उत्पन्न जवळजवळ ८० टक्क्यांनी कोसळलं. आता सरकारने कॅसिनोवाल्यांना जुगाराबाहेरच्या गोष्टींत पैसे घालायची अट घातली आहे. म्हणजे त्यांनाही थोडं व्हेगास व्हायचंय :-)

असो. हाँगकाँगला जाणार असाल तर एक रात्र मकाऊसाठी काढाच. पुलावरून येणारी बस चोवीस तास असते. बॅकराचं टेबल दहा मिनिटं बघितलंत तरी पुरे, बाकीचा वेळ गल्ल्यांना द्या.