चीड उगवा, पण पळस लावा

पहाडातल्या शिबिराहून परतलेल्या कॅडेटच्या ट्रंकेत चिडाचा एखादा शंकू हमखास असतो. मग प्रश्न येतो, "सर, यातून झाड उगवेल का?" माझे उत्तर असे : उगवेल, जरूर उगवा, पण दिल्लीच्या जमिनीत लावू नका.

आधी उगवण्याविषयी. जमिनीवर पडलेल्या उघड्या शंकूतले बी बहुधा उडून गेलेले असते. वनरक्षकाला विचारून मार्चच्या सुमारास झाडावरचे मिटलेले शंकू घ्यावेत. उन्हात ते उघडतात आणि पंख असलेले बी सुटते. बी रात्रभर पाण्यात ठेवावे, तरंगणारे टाकून द्यावे. निम्मी वाळू मिसळलेल्या मातीत चिडाच्या झाडाखालची मूठभर माती घालावी. तिच्यातली बुरशी मुळांना अन्न मिळवून देते. बी सेंटीमीटरभर खोल पेरले की दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. पाणी जास्त झाले तर तो बुडाशी कुजतो, मे महिन्याच्या लूमध्ये करपतो. रोज थोडे लक्ष देणे, एवढेच त्याचे औषध.

असे झाड काय मोलाचे ठरते, हे सैनिकांच्या इतिहासात दिसते. ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या 'लोन पाइन' लढाईत भाऊ गमावलेल्या एका ऑस्ट्रेलियन सैनिकाने तिथले शंकू आईला पाठवले. तिने त्यातल्या बियांपासून दोन रोपे वाढवली. त्यांतले एक १९३४ मध्ये कॅनबेराच्या युद्धस्मारकात लावले गेले.

मग दिल्लीत का नको? चीड साधारण ५०० ते २००० मीटर उंचीवरच्या डोंगरांचे झाड. आपली जमीन अरवलीची. इथले हक्काचे रहिवासी पळस, धौ, खैर. बाहेरचे झाड विचार न करता आणले की काय होते, ते दिल्लीच्या रिजवर पाहा. इंग्रजी अमदानीत लावलेल्या विलायती कीकरने मूळच्या झाडांना जागाच ठेवली नाही. याउलट प्रादेशिक सेनेची पर्यावरण बटालियन भाटी खाणींच्या उजाड जमिनीवर वर्षानुवर्षे राबते आहे. अशी पहिली तुकडी १९८२ मध्ये गढवाल रायफल्सशी जोडून उभी राहिली, मसुरीच्या खाणींनी सोललेल्या डोंगरांसाठी. झाड लावणे हे तिथे समारंभाचे नव्हे, ड्यूटीचे काम आहे.

आपल्याकडे मात्र जुलैत तयार रोपे येतात, फोटो निघतात आणि पुढच्या उन्हाळ्यात नुसती आळी उरतात. म्हणून माझी सूचना आहे. सहावीत येणाऱ्या प्रत्येक कॅडेटने जूनमध्ये पळसाचे ताजे बी पिशवीत पेरावे. पळस आधी मूळ खोल नेतो, वर सावकाश वाढतो; त्यामुळे धीर लागेल. पुढच्या पावसाळ्यात रोप आवारात लावावे आणि बारावीत शाळा सोडताना सहावीच्या कॅडेटकडे त्याचा चार्ज द्यावा. पालकांनी सुट्टीत कुंडीतल्या चिडाला पाणी घालावे, पण कॅडेट घरी असेल तेव्हा ते काम त्यालाच करू द्यावे.

आणि वार्षिक अहवालात 'किती झाडे लावली' हा रकाना काढून टाकावा. 'गेल्या वर्षीची किती जगली' एवढेच लिहावे. पहिली काही वर्षे आकडा लहान दिसेल. दिसू द्या, तो खरा असेल.