गिअरचा झटका पुढच्याच्या गळ्यात मारू नका

मंडळी, आज थोडं कडू बोलायचं आहे. ऑगस्ट आला की अमेरिकेतल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जाहिराती सुरू होतात: ‘गाडी विकणे आहे, एकच मालक, उत्तम स्थिती, नव्या विद्यार्थ्यांसाठी अगदी योग्य.’ यातल्या बऱ्याच गाड्या खरोखर चांगल्या असतात. पण काहींच्या मालकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते आणि तीच नेमकी जाहिरातीत नसते. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी धक्का मारते. कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं, ‘ट्रान्समिशन बदलावं लागेल, काही हजार डॉलर.’ मग आपला माणूस शहाणपणा करतो: चेक इंजिनचा दिवा स्कॅनरने पुसतो आणि कर्ज काढून शिकायला आलेल्या पोराला गाडी विकतो.

याला आपण ‘व्यवहार’ म्हणतो. माझ्या मते यात दोन गुन्हे आहेत. एक बेइमानीचा, तो उघड आहे. दुसरा आळसाचा, आणि पहिल्याचं मूळ त्यातच आहे. गिअर अडखळला म्हणजे गिअरबॉक्स गेला, असं आपण न तपासता मानतो.

तुमच्यातले निम्मे लोक पोटासाठी बिघाड शोधतात. ऑफिसात सर्व्हर अडखळला तर आधी लॉग उघडता की सरळ नवा सर्व्हर मागवता? मग गाडीच्या बाबतीतच आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी का?

लॉग गाडीतही असतो. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक कारमध्ये स्टीअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट आहे. मेख अशी की स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा ‘पी०७००’ एवढाच कोड दाखवतो. त्याचा अर्थ ‘ट्रान्समिशन मेलं’ असा नाही. ‘ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरने काहीतरी नोंदवलंय, त्याला विचारा’ एवढाच आहे. खरं उत्तर पुढच्या कोडमध्ये असतं. ‘पी०७५०’ आला तर रोख गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडकडे किंवा त्याच्या वायरिंगकडे असतो, आणि पुष्कळ गाड्यांत हे काम अख्खा गिअरबॉक्स न बदलता होतं. ‘पी०७३०’ म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, आत काहीतरी घसरतंय. ते दुखणं जास्त गंभीर असू शकतं. दोन्हींवर एकच औषध सांगणारा मेकॅनिक रोग बघत नाही, तुमचं पाकीट बघतो.

आता तेलाकडे या. ‘लाइफटाइम ऑइल, बदलायची गरजच नाही’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कुणाचं लाइफटाइम, हे मात्र कोणी सांगत नाही. बीएमडब्ल्यूसह अनेक कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ स्वतः सांगते की तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदला. मैलांत सांगायचं तर साधारण ५०,००० ते ७५,०००. गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकायचं की काउंटरवरच्या विक्रेत्याचं? तेल कमी असेल किंवा जुनं होऊन काळवंडलं असेल तर दाब नीट बनत नाही, आणि क्लच वेळेवर पकडत नाहीत. तुम्हाला जाणवतो तो झटका अनेकदा हाच असतो. मात्र दिसेल तो डबा ओतू नका. टोयोटाला डब्ल्यूएस, होंडाला डीडब्ल्यू-१, आणि सीव्हीटीला तिचं स्वतःचं वेगळं तेल लागतं. नव्या गाड्यांना पुष्कळदा डिपस्टिकही नसते. पातळी ठरावीक तापमानालाच मोजावी लागते. हे घरी जमणार नसेल तर फक्त ट्रान्समिशनचं काम करणाऱ्या गॅरेजला तासाभराचे पैसे द्या. चार हजारांच्या निर्णयाआधी दीडशे डॉलरची तपासणी महाग नाही.

आणि झटका ट्रान्समिशनचाच आहे हे तरी कुणी ठरवलं? इंजिनचं माउंटिंग तुटलं की ‘डी’ टाकताना धक्का बसतो. एखादा सिलिंडर मिसफायर होत असेल तर तो हिसका गिअरचा वाटतो. बॅटरी काढून घातल्यावर काही गाड्यांचा कॉम्प्युटर शिकलेलं विसरतो, आणि पुन्हा शिकेपर्यंत गिअर जरा रांगडे पडतात. म्हणून गॅरेजमध्ये ‘गाडी नीट चालत नाही’ एवढंच सांगू नका. थंड असताना की गरम झाल्यावर? कोणत्या गिअरला? वेग घेताना की सिग्नलला थांबताना? हे चार दिवस कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरला लक्षणं सांगतो, तशी.

काही गिअरबॉक्स मुळातच दुखणाईत निघतात, हेही खरं. फोर्डच्या २०१२ ते २०१६ च्या फोकसमधला पॉवरशिफ्ट थेट कोर्टात गेला, आणि ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात २०२० मध्ये तडजोड मंजूर झाली. निसानने काही मॉडेलांच्या सीव्हीटीची वॉरंटी ७ वर्षे किंवा ८४,००० मैलांपर्यंत वाढवली. अशा गोष्टी घरी येऊन कोणी सांगत नाही. वाहतूक सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलच्या तक्रारी आणि कंपनीने डीलरांना पाठवलेल्या सूचना फुकट वाचता येतात. बाहेर सर्व्हिस केली एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, हे १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ठरवलेलं आहे. वाचा आणि भांडा. पुण्यात रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी घातलेला वाद इथे काउंटरसमोर कुठे जातो?

‘पण आम्हाला गाडीतलं कळत नाही,’ असं म्हणाल. तुम्ही मेकॅनिक व्हावं असं मी म्हणतच नाही. प्रश्न विचारावेत, एवढंच म्हणतोय. ‘वेळ नाही,’ म्हणाल. वेळ नसेल तर नसो. पण आपल्या वेळेची किंमत त्या नव्या मुलाने का भरायची? जानेवारीच्या बर्फात, हायवेवर, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून रखडायला लागली तर त्याच्याकडे दुसरी गाडी नसते, टोइंगचे पैसे नसतात, आणि फोन करायला हक्काचं माणूसही नसतं. असतो तो त्या गटातला ‘काका’, ज्याने गाडी विकली.

सगळं तपासून गिअरबॉक्स खरोखरच गेला असेल, तेलाला जळका वास आणि पॅनमध्ये धातूचे तुकडे निघाले असतील, तर गाडी विकायला कोणाची हरकत नाही. भंगारात द्या, किंवा तपासणीचा कागद हातात ठेवून त्या हिशेबाने किंमत कमी करा. खासगी व्यवहारात गाडी बहुधा ‘आहे तशी’ विकली जाते हे खरं, पण ‘आहे तशी’ म्हणजे कशी, हे सांगायला कायद्याने तोंड बांधलेलं नाही.

आणि नव्याने आलेल्या मुलांनो, काका कितीही गोड बोलला तरी सॉकेटला स्कॅनर लावाच. कोड नुकतेच पुसले असतील तर बऱ्याचशा चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. मग गाडी पूर्ण गरम होईपर्यंत, किमान अर्धा तास चालवून बघा. मराठी माणूस आहे म्हणून विश्वास जरूर ठेवा, पण गिअर पडतात कसे ते बघून.