अनइन्स्टॉल नावाची थाप

गेल्या दिवाळीत मी आईच्या फोनमधून आजीचा आवाज पुसून टाकला.

मुद्दाम नाही, अर्थातच. आईचा फोन ३२ जीबीचा, अँड्रॉइड ९ वर अडकलेला. त्यावर रोज 'स्टोरेज फुल' येत होतं. "तू इंजिनियर ना रे, मग बघ की जरा," म्हणत तिनं फोन माझ्या हातात दिला. मी वापरात नसलेली सात-आठ ॲप्स काढली. त्यात आवाज रेकॉर्ड करायचं एक जुनं ॲप होतं, दर मिनिटाला जाहिरात दाखवणारं. तेही काढलं. मग फोनमध्ये आधीपासून बसलेलं एक क्लीनर ॲप उघडलं. त्यानं यादी दिली: 'काढून टाकलेल्या ॲप्सच्या उरलेल्या फाइल्स'. लाल अक्षरांत आकडा, खाली मोठं हिरवं बटण. मी दाबलं. पडद्यावर झाडू फिरला, फोन 'स्वच्छ' झाला.

भाऊबीजेला मावशी आली. आई म्हणाली, "आईच्या ओव्या लाव रे जरा." आजी जाऊन तीन वर्षं झाली होती. जात्यावरच्या ओव्या तिच्याकडून म्हणवून घेऊन आईनं स्वतः रेकॉर्ड केल्या होत्या. मी फोन घेतला, शोधलं, पुन्हा शोधलं. त्या रेकॉर्डिंग ॲपनं स्वतःच्या नावाचा एक फोल्डर केला होता आणि सगळ्या ओव्या त्यात होत्या. ॲप गेल्यावर तो फोल्डर बेवारस झाला. बेवारस म्हणजे कचरा, असा क्लीनरचा हिशोब. आणि बटण दाबणारा मी, पाच वर्षं अँड्रॉइड ॲप्स लिहून पोट भरणारा माणूस.

त्यामुळे 'ॲप काढल्यावर उरलेला कचरा साफ करण्याचे दहा सोपे उपाय' छापाचं काही दिसलं की माझं डोकं फिरतं. त्या उपायांच्या मुळाशी तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. जे उरलं तो कचरा आहे. तो तुमच्या फोनमध्ये आहे. आणि तो उचलणं तुमचं काम आहे. माझं म्हणणं असं की ही तिन्ही गृहीतकं चूक आहेत. आणि ती चूक राहण्यात आमच्या धंद्याचा फायदा आहे.

आधी फोनच्या आत काय होतं ते बघू. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला एक खासगी खोली मिळते. तिच्यात दुसरं ॲप डोकावू शकत नाही. ॲप काढलं की ही खोली पूर्ण रिकामी होते. 'अँड्रॉइड' फोल्डरमधल्या 'डेटा'त त्या ॲपच्या नावाची जी जागा असते, तीही जाते. उरतं ते अंगणातलं: म्हणजे डाउनलोड, पिक्चर्स यांसारखे सामाईक फोल्डर, आणि जुन्या अँड्रॉइडवर ॲप्सनी थेट स्टोरेजच्या तोंडाशी उघडलेले आपापल्या नावांचे फोल्डर. कुणीही यावं आणि अंगणात खुंटी ठोकावी, असा तो कारभार होता. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० नं त्याला आवर घालायला सुरुवात केली. २०२० मध्ये अँड्रॉइड ११ आलं, तेव्हापासून नव्या नियमांनी लिहिलेल्या ॲपला खास परवानगीशिवाय असा फोल्डर उघडता येत नाही.

सुटलो, असं वाटेल. पण आता उलटा धोका आहे. तुमच्या नोंदी, रेकॉर्डिंग, चित्रं जर ॲपनं स्वतःच्या खोलीत ठेवली असतील, तर अनइन्स्टॉल केल्यावर तीही खोलीबरोबर जातात, बहुतेक वेळा एका शब्दानं न विचारता. बहुतेक वेळा म्हणतो, कारण विचारायची सोय अँड्रॉइड १० पासून आहे. डेव्हलपरनं ॲपच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये एक ओळ लिहिली, की काढताना 'यातला डेटा ठेवायचा का?' असा प्रश्न येतो. एक ओळ. ती आपोआप लागू नसते, लिहावी लागते. तुम्हाला हा प्रश्न शेवटचा कधी विचारला गेला, आठवून बघा.

डेव्हलपरच्या बाजूनं एक खरा मुद्दा मांडायला हवा. ॲपला आपण काढले जातोय हे कळत नाही. अँड्रॉइड ती सूचना इतर ॲप्सना देऊ शकतं, पण जे जातंय त्याला नाही. म्हणजे जाताना आवराआवर करायची संधीच मिळत नाही. आणि ते योग्यच आहे. नाहीतर काही ॲप्सनी त्या शेवटच्या क्षणीही जाहिरात दाखवली असती. पण म्हणूनच कुठली फाइल कुठे ठेवायची हा निर्णय पहिल्या दिवशी घ्यायचा असतो. माणसाची वस्तू सामाईक जागेत, त्याला सापडेल अशा नावानं. ॲपची स्वतःची अडगळ स्वतःच्या खोलीत. हे अवघड नाही. मी स्वतः हे काम 'नंतर बघू'च्या यादीत ढकललं आहे, आणि ते नंतर कधी उजाडलं नाही.

आता क्लीनरवाले. त्यांचा धंदा सफाईचा नाही, भीतीचा आहे. लाल आकडा, थरथरणारं चिन्ह, 'फोन धोक्यात' अशी सूचना. अँड्रॉइड ६ पासून साध्या ॲपला दुसऱ्या ॲपच्या तात्पुरत्या फाइल्स परस्पर पुसता येत नाहीत. अँड्रॉइड ११ पासून दुसऱ्याच्या 'डेटा' फोल्डरमध्ये बघताही येत नाही. मग हे साफ काय करतात? काही जण ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, आणि तुमच्या वतीनं सेटिंग्जमधली बटणं दाबतात, जी तुम्ही स्वतः दाबू शकता. ही सोय दृष्टिहीनांसारख्या अपंग वापरकर्त्यांसाठी केलेली आहे. जिला ती दिली, तिला पडद्यावरचं सगळं वाचता येतं. चार एमबी वाचवण्यासाठी आपण घराची किल्ली झाडूवाल्याला नाही, झाडूच्या जाहिरातदाराला देतो.

आठवत असेल तर २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. टिकटॉकच्या नावानं गावभर चर्चा झाली. पण त्याच यादीत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, कॅशे क्लीनर आणि व्हायरस क्लीनर अशी चार नावं होती. त्याच्या काही महिने आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, गूगलनं जाहिरातींच्या गैरप्रकारासाठी सुमारे ६०० ॲप्स प्ले स्टोअरवरून काढली. त्यात क्लीन मास्टर बनवणाऱ्या चीता मोबाइलचीही ॲप्स होती. म्हणजे कचरा काढायला बोलावलेल्यांचाच कचरा काढायची वेळ आली होती.

पण हे सगळं फोनच्या आतलं. फोनच्या आत उरतं ते सगळ्यात निरुपद्रवी. खरा उरलेला माल फोनमध्ये नसतोच.

माझ्या एका मित्राची गोष्ट. पुण्यात भाड्याच्या खोलीत आम्ही एकत्र राहायचो. त्याची नोकरी सुटली, भाडं थकलं, आणि त्यानं एका कर्ज देणाऱ्या ॲपवरून काही हजार रुपये घेतले. ॲपनं संपर्क यादीची परवानगी मागितली, त्यानं दिली. आठवड्यात रक्कम कशी फुगली हे त्याला कळलंच नाही. घाबरून त्यानं ॲप काढून टाकलं. त्याला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या गावाकडच्या मामांना फोन गेला: तुमचा भाचा चोर आहे. मग जुन्या बॉसला, मग लग्न ठरत असलेल्या बहिणीच्या सासरकडच्यांना. ॲप काढलं तेव्हा त्याच्या फोनमधली एकही फाइल मागे राहिली नव्हती. मी स्वतः तपासून दिला होता फोन. स्वच्छ होता, अगदी लख्ख. आणि त्याची अख्खी संपर्क यादी कुठल्यातरी सर्व्हरवर होती.

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत अशा ॲप्सनी फोनमधल्या फाइल्स, संपर्क यादी, कॉलच्या नोंदी यांना हात लावू नये असं सांगितलं. गूगलनंही २०२३ मध्ये वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना फोटो आणि संपर्क बघायला मनाई केली. चांगलंच झालं. पण आधी उचलून नेलेल्या याद्यांचं काय, याचं उत्तर अनइन्स्टॉलच्या बटणात नाही.

हे फक्त भामट्यांपुरतं नाही. आम्ही सभ्य लोक काय करतो ते सांगतो. तुम्ही खातं 'डिलीट' करता तेव्हा बऱ्याच ठिकाणी डेटाबेसमध्ये तुमच्या नावापुढच्या एका रकान्यात शून्याचा एक होतो. त्याला आम्ही सॉफ्ट डिलीट म्हणतो. नाव, नंबर, पत्ता, मागवलेली प्रत्येक बिर्याणी जागच्या जागी. फक्त ते तुम्हाला दिसत नाही. तुम्ही नुसतं ॲप काढता तेव्हा तर तो एकही होत नाही. आम्ही तुमच्या फोनकडे एक मूक सूचना पाठवतो. ती पोहोचली नाही की सर्व्हर सांगतो, हा फोन आता नोंदणीत नाही. म्हणजे तुम्ही गेलात हे आम्हाला कळतं. कळल्यावर आम्ही तुमचा डेटा पुसत नाही. 'तुमची आठवण येते, ५० टक्के सूट' असा एसएमएस पाठवतो.

शिवाय आणखी धागे असतात. गूगलनं लॉगिन केलं असेल तर ती जोडणी तुमच्या गूगल खात्यात तशीच राहते. यूपीआय ऑटोपेला मंजुरी दिली असेल तर ॲप काढल्यानं ती रद्द होत नाही, पैसे कापले जाऊ शकतात. अँड्रॉइड ६ पासून ॲपचा २५ एमबीपर्यंतचा डेटा तुमच्या गूगल ड्राइव्हमध्ये आपोआप जातो. डेव्हलपरनं नको म्हटलं नाही तर होच समजतात. आयफोनवाल्यांनीही हसू नये. कीचेनमधल्या लॉगिनच्या खुणा ॲप काढल्यावरही राहू शकतात, हे आयओएसवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

यावर आमच्या क्षेत्रातली मंडळी म्हणतात, अटी वाचायच्या ना. माझी आई सातवीनंतर शाळा सोडलेली बाई आहे. अटी इंग्रजीत असतात. आणि खरं सांगायचं तर ज्या ॲपसाठी मी कोड लिहितो त्याच्या अटी मीही वाचलेल्या नाहीत. दुसरं उत्तर असं की काही नोंदी कायद्यानं ठेवाव्याच लागतात. खरं आहे. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यामुळे बँकेला ग्राहकाच्या ओळखीच्या नोंदी खातं बंद झाल्यावरही ५ वर्षं ठेवाव्या लागतात. पण टॉर्चच्या ॲपला, वॉलपेपरच्या ॲपला कुठला कायदा लागतो? बँकेची ढाल पुढे करून वॉलपेपरवाल्यानं लपू नये.

कायदा आता आपल्याकडेही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं, आणि काम संपलं की डेटा पुसावा, असं तो म्हणतो. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली. त्या नियमांत मोठ्या शॉपिंग, गेमिंग आणि सोशल मीडिया कंपन्यांसाठी एक कालावधी ठरवला आहे: तुम्ही तिकडे फिरकलाच नाहीत, तर तीन वर्षांनी डेटा पुसायचा. तीन वर्षं! संमती घ्यायला एक टिचकी पुरते. आपण गेलो आहोत हे मान्य करायला त्यांना तीन वर्षं लागतात.

माझी मागणी साधी आहे. अनइन्स्टॉल करताना दोन प्रश्न विचारले जावेत. तुम्ही तयार केलेलं काही ठेवायचं का? आणि आमच्याकडचं तुमचं खातं पुसायचं का? दोन्ही प्रश्न ऑपरेटिंग सिस्टीमनं विचारावेत, तुमच्या भाषेत. डेव्हलपरच्या मर्जीवर सोडू नयेत. खातं पुसायची सोय ॲपमध्येच असावी ही सक्ती ॲपलनं ३० जून २०२२ पासून केली, गूगलनंही २०२३ मध्ये तसं जाहीर केलं. म्हणजे जमतं. ती सोय सेटिंग्जच्या सातव्या पानावर न ठेवता, माणूस जिथे खरंच निरोप घेतो त्या बटणाशी आणून ठेवा, एवढंच.

तोवर तुमच्यासाठी क्रम असा: आधी आपल्या फाइल्स बाहेर काढा, मग ॲपच्या आतून खातं डिलीट करा, ऑटोपे रद्द करा, गूगल खात्यातली जोडणी तोडा, आणि सगळ्यात शेवटी ॲप काढा. क्लीनर लागत नाही. पण हे पाच टप्पे लिहितानाही मला लाज वाटते, कारण हे काम तुमचं नव्हे, आमचं आहे.

आजीच्या ओव्या परत मिळवायचा मी खूप प्रयत्न केला. आजकालच्या फोनमध्ये एनक्रिप्शन असतं, पुसलेली जागा फोन लगेच मोकळी करतो. मिळालं काहीच नाही. मावशीला आईनं पूर्वी एक ओवी पाठवली होती, तेवढी एक तिच्या फोनमध्ये सापडली. आई मला काही बोलली नाही. "राहू दे रे, तुला काय माहीत," एवढंच म्हणाली.

मला माहीत होतं, आई. आम्हा सगळ्यांना माहीत असतं. जे आपलं असतं ते एका टिचकीत जातं, आणि मित्राच्या मामांचा नंबर मात्र अजून कुठल्यातरी सर्व्हरवर आहे.