एक डायव्हर, दोन खोल्या

‘खोली’ म्हटलं की आपल्याला आधी भाडं आणि डिपॉझिट आठवतं. पण आजची खोली समुद्राखालची आहे, आणि तिथे एकच माणूस एकाच वेळी दोन वेगवेगळ्या खोल्यांवर असू शकतो! एक खोली त्याच्या डोक्याची, दुसरी त्याच्या शरीराची. दोन्हींचं गणित वेगळं. आणि ते करायचं असतं पाण्यात उतरण्याआधी.

आता तुम्ही म्हणाल, ही काय भानगड? सांगतो.

आपण घेतो त्या हवेत सुमारे ७९ टक्के नायट्रोजन असतो. ऑफिसात बसलेल्या माणसाला त्याचा काही त्रास नाही. पाण्याखाली मात्र दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढत जातो आणि साधारण ३० मीटरच्या पुढे हा गरीब बिचारा गॅस चक्क चढायला लागतो. याचं नाव नायट्रोजन नार्कोसिस. डायव्हर मंडळींचा गमतीचा हिशेब असा : दर १० मीटरला रिकाम्या पोटी एक मार्टिनी. हिशेब ढोबळ आहे, पण खरा धोका त्यातून कळतो. शुक्रवारी रात्री ‘मला काही झालेलं नाही, गाडी मीच चालवणार’ म्हणणारा मित्र आठवा. चढलेल्या डायव्हरलाही तसंच वाटतं. फक्त इथे किल्ली काढून घेणारं कोणी नसतं.

मे १९३९ मध्ये ‘स्क्वॅलस’ ही अमेरिकन पाणबुडी न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्याजवळ सुमारे ७४ मीटर खोल बुडाली. ३३ जणांना जिवंत बाहेर काढण्यात यश आलं. पण साध्या हवेवर खाली गेलेल्या कसलेल्या डायव्हर्सचीही डोकी तिथे गडबडत होती. पुढे पाणबुडी वर काढताना नौदलाने हीलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण वापरलं आणि डोकी ताळ्यावर राहिली. कारण हीलियम चढत नाही.

आजचे खोल जाणारे डायव्हर ‘ट्रायमिक्स’ वापरतात, म्हणजे ऑक्सिजन, हीलियम आणि नायट्रोजन. समजा १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हीलियम, बाकी ३७ टक्के नायट्रोजन. जायचंय ६० मीटरवर. आता फंडा सोपा आहे. खोलीत १० मिळवा (हा वरच्या हवेचा दाब), हीलियम सोडून उरलेल्या भागाने गुणा आणि १० वजा करा. ७० गुणिले ०.५५, वजा १०. उत्तर २८.५ मीटर. म्हणजे मीटरवर ६०, पण डोक्यापुरते तुम्ही साध्या हवेवर २८.५ मीटरवरच! यात ऑक्सिजनही चढतो असं धरलंय. फक्त नायट्रोजन मोजला तर उत्तर २३ च्या आत येतं. जिवाशी गाठ असेल तर मी तरी पहिलाच आकडा धरीन.

सही ना? पण थांबा.

शरीराला हे २८.५ मान्य नाही. दाबाखाली गॅस रक्तात आणि पेशींत विरघळतो. झटकन वर आलात, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात : सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही. म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत वर यायचं, हेच डिकॉम्प्रेशन. हीलियम चढत नसला तरी विरघळतो. स्विस शास्त्रज्ञ ब्युलमान यांच्या मॉडेलमध्ये तर तो नायट्रोजनच्या सुमारे २.६५ पट वेगाने शरीरात शिरतो आणि बाहेर पडतो. वर येण्याचा हिशेब ६० मीटरचाच लागतो, दोन्ही गॅस धरून. कोणी २८.५ चा आकडा उचलून त्याप्रमाणे वर आलं, तर डोकं एकदम क्लिअर ठेवून तो थेट प्रेशर चेंबरमध्ये पोचेल. तोही नशीब असेल तर.

उलटा प्रकार नायट्रॉक्सचा. त्यात हीलियम नाही, ऑक्सिजन जास्त. ३२ टक्के ऑक्सिजनवाला नायट्रॉक्स घेऊन ३० मीटरवर गेलात, तर ४० गुणिले ०.६८, भागिले ०.७९, वजा १०. म्हणजे २४.४ मीटर. डिकॉम्प्रेशनपुरते तुम्ही साडेपाच मीटर वर! पण ऑक्सिजनही चढणाऱ्यात मोजला, तर डोकं मात्र ३०च मीटरवर. शिवाय जास्त ऑक्सिजनचा स्वतःचा धोका आहेच. १.४ वातावरणाची मर्यादा धरली, तर हे मिश्रण ३३ मीटरच्या फार पुढे न्यायचं नाही.

थोडक्यात, ट्रायमिक्स डोक्याची खोली कमी करतं, नायट्रॉक्स शरीराची. एकाचा आकडा दुसऱ्याच्या रकान्यात भरायचा नाही.

तारकर्लीला वीकेंडला पहिला डाइव्ह मारणाऱ्यांनो, घाबरू नका. इन्स्ट्रक्टरचा हात धरून केलेल्या त्या उथळ डाइव्हमध्ये यातलं काही लागत नाही. पण पुढे छंद वाढला, कोर्सवर कोर्स झाले आणि बोटीवर कोणी म्हणालं, ‘हीलियम आहे बॉस, टेन्शन नको,’ तर शांतपणे विचारा : कुठल्या खोलीचं टेन्शन नको?