पाटावरचे पोहणे

पोहायला शिकायचे तर पाण्यात पडले पाहिजे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाटावर पालथे पडून हातपाय मारणाऱ्या पोराला घरातली सारी मंडळी हसतात. मोटारींच्या शर्यतीत मात्र हल्ली हे पाटावरचे पोहणे फार मोलाचे झाले आहे.

या पाटाचे नाव सिम्युलेटर. एका खोलीत गाडीची बैठक, पुढे स्टिअरिंग, पायाशी ब्रेक, समोर भला मोठा अर्धगोल पडदा आणि खाली हलणारा सांगाडा. शर्यतीच्या रस्त्याचे लेसरने माप घेऊन त्यातले खाचखळगेसुद्धा यंत्रात भरलेले असतात.

कल्पना जुनीच. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थाने १९२९ साली वैमानिकांसाठी असे यंत्र बनवले. त्याच्या वडिलांचा ऑर्गनचा कारखाना! तेव्हा आपल्या संगीत नाटकांत ज्या वाद्यावर नांदी रंगे, त्याच्याच भात्यांवर हे खोटे विमान डुलत असे. पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यावर तयार झाले.

फॉर्म्युला वनमध्ये २००९ सालापासून, खर्च आवरावा म्हणून, हंगाम चालू असताना सरावाला गाडी पळवण्यावर कडक निर्बंध आले आणि सारी भिस्त या खोलीवर आली. शुक्रवारचा सराव संपला की इकडे कारखान्यात दुसराच चालक रात्र रात्र सिम्युलेटरमध्ये बसतो. स्प्रिंगा, विंगचा कोन बदलून पाहतो आणि शनिवारी सकाळी निरोप जातो. करंडक उंचावताना हा बिचारा कुठल्याच छायाचित्रात नसतो. (लग्नघरातल्या आचाऱ्याचे तरी दुसरे काय होते!)

पण पाट तो पाटच. सात वेळा जगज्जेता ठरलेला मायकेल शूमाखर २०१० साली पुन्हा शर्यतीत उतरला, तेव्हा या यंत्रात त्याला मळमळू लागे. डोळे म्हणतात गाडी धावते आहे, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण आहोत तिथेच आहोत. दोघांच्या भांडणात पोट भरडले जाते. घाटात एस.टी.मध्ये लिंबू हुंगणाऱ्यांना हे भांडण उलट्या बाजूने परिचयाचे आहे. २०२२ साली मर्सिडीजची नवी गाडी कारखान्यातल्या साऱ्या परीक्षांत उत्तीर्ण झाली आणि खऱ्या रस्त्यावर सरळ पट्ट्यात बेडकासारखी उड्या मारू लागली. यंत्राला जे सांगावे तेवढेच ते जाणते.

मला राहून राहून आठवतो तो यान मार्डनबरो. घरच्या व्हिडिओ गेमवर तयार झालेला हा ब्रिटिश मुलगा २०११ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, निसानची स्पर्धा जिंकून खऱ्या गाडीत बसला. २०१३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात साथीदारांसह तिसरा आला. खेळातून शर्यतपटू घडतो, याला याहून मोठा पुरावा कोणता?

मार्च २०१५ मध्ये जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगवर एका उंचवट्यापाशी त्याची गाडी हवेत उठली आणि कुंपणापलीकडे जाऊन पडली. एक प्रेक्षक ठार झाला. खोलीतल्या यंत्रात गाडी आपटली की कळ दाबून पुन्हा आरंभरेषेवर येता येते. कुंपणापलीकडची माणसे तिथे नुसती रंगवलेली असतात. मार्डनबरो त्याच वर्षी जूनमध्ये ल मांला पुन्हा गाडीत बसला.