पाण्याला टेकण्याआधीची मिनिटे

एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून जकार्ताला निघाले आणि नातुना बेटांजवळ समुद्रात गेले. १९ पैकी १६ जण मृत्युमुखी पडले. बांडुंग परिषदेला निघालेले चिनी शिष्टमंडळ, चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय त्या विमानात नसणे, दडवलेला टाइमबॉम्ब या गोष्टी इतक्यांदा सांगितल्या गेल्या आहेत की आपल्या व्यवसायाच्या कामाचा भाग त्यांच्याखाली दबून गेला. तो भाग आहे स्फोट आणि पाणी यांच्या मधल्या मिनिटांचा. डिचिंगचा, म्हणजे विमान पाण्यावर उतरवण्याचा, निकाल बहुतांशी त्याच मिनिटांत लागतो, आणि आपले प्रशिक्षण नेमके तिथेच तोकडे पडते, असे आमचे म्हणणे आहे.

विमान सुमारे १८,००० फुटांवर असताना उजव्या चाकाच्या कप्प्यात स्फोट झाला. पंखाने पेट घेतला, केबिनमध्ये धूर कोंडला, विजेची मंडले एकामागून एक निकामी होऊ लागली. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ बंद पडण्यापूर्वी तीनदा संकटसंदेश पाठवले, त्यांत आपली जागा कळवली, सर्वांना लाइफ जॅकेट दिली आणि संकटकालीन दारे आधीच उघडून ठेवली. उजवा पंख पाण्याला आधी लागला आणि विमानाचे तुकडे झाले. सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि देखभाल इंजिनियर अनंत श्रीधर कर्णिक एवढेच वाचले. जटार आणि हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी यांच्यासह पाच कर्मचारी गेले.

सोळा माणसे गेली, मग या तयारीने साधले काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पंख जळत असताना विमान सपाट टेकवणे कोणाच्याही हातात उरले नव्हते, आणि तयारीने सगळे वाचतात असा आमचा दावा नाही. पण जागा कळवली गेल्याने शोध कुठे घ्यायचा हे ठरले. पुढे अवशेष वर काढता आले, त्यांत घातपाताचा पुरावा मिळाला आणि मे महिन्यातच इंडोनेशियाच्या चौकशीने बॉम्बचा निष्कर्ष जाहीर केला. अवशेष मिळाले नसते तर संशयाची सुई देखभाल करणाऱ्यांकडे वळायला कितीसा वेळ लागला असता? विमानाखाली राबणाऱ्या प्रत्येक इंजिनियरने हे ध्यानात ठेवावे.

दीड वर्षाने, ऑक्टोबर १९५६ मध्ये, पॅन अ‍ॅमचे स्ट्रॅटोक्रूझर होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्ये पॅसिफिकमध्ये उतरले. कॅप्टन रिचर्ड ऑग यांनी तटरक्षक जहाजाभोवती घिरट्या घालत उजाडेपर्यंत वाट पाहिली. शेपूट तुटेल हे ओळखून मागचे प्रवासी पुढे आणवले. शेपूट खरोखरच तुटले आणि सर्वच्या सर्व ३१ जण वाचले. याउलट १९९६ मध्ये कोमोरोसजवळ इथिओपियन एअरलाइन्सच्या अपहृत विमानात अनेकांनी लाइफ जॅकेट केबिनमध्येच फुगवले, आणि पाणी आत शिरल्यावर त्यांना दारापर्यंत जाता आले नाही. जॅकेट होतेच; ते कधी फुगवायचे हे त्यांच्या मनावर ठसले नव्हते.

दुसरा आक्षेप असा की आजची जेट इंजिने इतकी भरवशाची आहेत की डिचिंगवर खर्च करणे व्यर्थ. इंजिनांबद्दलचे हे म्हणणे आम्हाला मान्य आहे. पण ‘काश्मीर प्रिन्सेस’ इंजिनाच्या दोषाने पडले नव्हते, आणि इथिओपियनच्या विमानातले इंधन अपहरणामुळे संपले. हे मासिक चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीतून निघते. इथून मरीना पायी गाठता येतो, आणि त्या किनाऱ्यापासून पोर्ट ब्लेअरपर्यंत सुमारे पावणेचौदाशे किलोमीटर उतरायला कुठे जमीन नाही. याच वाटेवर २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह नाहीसे झाले. संकटसंदेश आला नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीला ३,४०० मीटर खोल त्याचे अवशेष दिसले ते थेट २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले. साडेसात वर्षे २९ घरे ताटकळत राहिली.

म्हणून तलावातले वेट ड्रिल पाण्यात उडी मारण्यापासून सुरू न करता पहिल्या इशाऱ्यापासून सुरू करावे: धूर, अपुरा प्रकाश, बंद पडलेली उद्घोषणा यंत्रणा आणि जागा कळवण्याची घाई यांसकट. कुठले दार उघडायचे नाही हेही त्यात यावे. जटारांच्या सहकाऱ्यांनी दारे आधी उघडली ते त्या वेळी योग्यच होते, पण २००९ मध्ये हडसन नदीत उतरलेल्या एअरबसचे मागचे दार किंचित उघडताच पाणी आत घुसले. आणि या सरावात विमानातून प्रवास करणाऱ्या देखभाल इंजिनियरांना बसवावे. त्या दिवशी वाचलेल्या तिघांत कर्णिकही होते.